तिसऱ्या गिअरचा आवाज

आवाज पहिल्यात नव्हता, दुसऱ्यात नव्हता.
आंबा घाटात, दहा टन गुळाच्या ढेपा मागं,
तिसरा टाकला की खालून कुणीतरी
कुळीथ भरडायला बसायचं.
घरी आणून उभी केली गाडी
तर गप्प. तोंडी परीक्षेतल्या पोरासारखी.

केर्लीत माझ्या घराला परसू नाही, खड्डा आहे.
बाप म्हणायचा, इथं विहीर काढ.
मी त्यात उतरून नटबोल्ट काढतो.
त्या खड्ड्यावर चौघांचा हक्क:
बाळगोंडा मगदूमची चेन पुली,
रंगराव धनवड्याचा वीस टनी जॅक,
विजयमालेचा भाऊ संताजी, उद्यमनगरात लेथवर असतो, तो.
बत्तीस नंबरचा पाना कुणाचा, हे विचारायचं नाही.
त्यावरून एकदा दोन वर्षं बोलणं बंद होतं.

रविवारी जमले.
बाळगोंडा म्हणाला, सिंक्रो रिंग.
रंगराव म्हणाला, क्रॉस गेलाय, लिहून घे.
संताजी कॅलिपर पुसत राहिला.
त्याला मत विचारलं की तो माप विचारतो.

गिअरबॉक्स उतरवला.
पत्र्याखालचा गर्डर वाकल्यासारखा झाला, वाकला नाही.
दात एकेक मोजले, डिझेलनं धुतले,
विजयमालेच्या जुन्या इरकलीनं पुसले.
ती दारात उभी होती. मी तिच्याकडं पाठ केली.
एकही दात तुटलेला नाही.
परत चढवला तेव्हा सात वाजलेले
आणि एक वायसर उरलेला.
तो आपल्याला दिसलाच नाही, असं चौघांनी ठरवलं.

मग इलाही मिस्त्रीला बोलावलं.
चाळीस वर्षं ऑइल इंजिनांच्या चाचणीला उभं राहून
त्याचे दोन्ही कान गेलेत.
त्याला आवाज दाखवावा लागतो.
पोराच्या पाटीवर खडूनं लिहिलं: तिसरा. लोड. चढ.
त्यानं एवढंच विचारलं,
"लोड कुठाय?"

लोड नव्हता. गूळ मार्केट यार्डात उतरून आठवडा झालेला.
बाळगोंडानं बांधकामाच्या विटा दिल्या, दोन हजार,
रंगरावानं वाळू.
तरी पाटे म्हणावे तसे बसेनात.
मग गल्लीच चढली हौद्यात:
भिशीच्या सगळ्या बायका,
डेअरीवरून रिकाम्या किटल्या घेऊन परतणारी पोरं,
हौसाक्का तिच्या रेडकासकट.

दोन फळ्या काढल्या.
इलाही त्या फटीत पालथा झोपला,
हातभर गजाचं एक टोक चासीला टेकवलं,
दुसरं दातांत धरलं.
धरण्याआधी म्हणाला, "काळजी नगो,
दात अजून कंपनी फिटिंग हैत."

जोतिबाचा चढ.
पहिला. दुसरा.
तिसरा टाकला आणि आलं ते, भरडणं.
मागच्या जाळीतून मला दिसत होता फक्त त्याचा जबडा,
गजासकट थरथरणारा.
बायका बोलायच्या थांबल्या. किटल्या पोरांनी पोटाशी धरल्या.
त्यानं गज वीतभर मागं सरकवला,
डोळे मिटले,
आणखी एक बोट.
मग फळीवर तीन थापा.

"गिअर न्हवं. मधलं बेअरिंग, रबर सुटलंय त्याचं.
गिअरबॉक्स कुणी उतरवला?"

आम्ही चौघं पन्हाळ्याच्या दिशेला बघायला लागलो.

सोमवारी संताजीनं बुश काढून दिला,
एक सूत जाड, मग घासून बरोबर.
खड्ड्यात मी, वर बॅटरी धरून विजयमाला,
उजेड पाहिजे तिथं सोडून सगळीकडं.
इलाहीनं पैसे घेतले नाहीत. एक ढेप घेतली,
तीही वास घेऊन, टिचकी मारून,
बोटांना काय ऐकू आलं कुणास ठाऊक.

आता घाटात तिसरा टाकला की काही नाही.
मीच कान देऊन बसतो.
परवा साखरप्याच्या अलीकडं पुन्हा काहीतरी,
बारीक, किणकिण.
गाडी कडेला घेतली. पाटे, सायलेन्सर, स्टेपनी,
सगळ्यांवरून हात फिरवला.
बाळगोंडाला फोन लावला. म्हणाला, सिंक्रो रिंग.
मग घरी लावला.

"सीटखाली बघा," विजयमाला म्हणाली,
"जेवणाच्या डब्याचं झाकण बसत न्हाई.
दोन महिनं झालं सांगतीया."